प्रशिक्षकाचे नाव

पंपाची जळालेली मोटार दुकानात आली की कुंदाकाकू आधी तिला हात लावत नसे. वाकून, डोळे मिटून वास घेई. मग निकाल सांगे. "पान्याविना चालवली. मालक झोपला असन." किंवा "वोल्टेज कमी व्हता, याची काई चूक नाई." आणि कधीकधी नाक मुरडून, "केबल पातर लावली. कंजूस मानूस हाय." तो कंजूस माणूस तेव्हा पडद्यापलीकडे बाकावर बसून चहा पीत असायचा. त्याला वाटायचं, मोटार सुधाकरभाऊ बघतायत.

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडमागे हे दुकान. समोर काउंटर, काउंटरवर सुधाकरभाऊ, म्हणजे काकूचा दीर. त्यांच्या मागे फुलाफुलांच्या जुन्या चादरीचा पडदा, आणि पडद्यामागे दहा बाय आठची खोली. खिडकी एकच, तीही बोळात उघडणारी आणि व्हार्निशच्या डब्यांनी अर्धी झाकलेली. त्या खोलीत बसून काकू अख्ख्या तालुक्याच्या पंपांचं वाइंडिंग, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं काम, करायची. उन्हाळी धानाच्या दिवसांत रोज चार-पाच मोटारी येत. इटियाडोहच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या बांधीपर्यंत पोचत नाही त्यांचा सगळा जीव विहिरीतल्या मोटारीत असतो. एक दिवस मोटार बंद म्हणजे धान पिवळं पडायला सुरुवात. त्यामुळे येणारा माणूस घाबरलेलाच असे, आणि मोटार परत नेताना सुधाकरभाऊंचा हात दोन्ही हातांत धरून जाई.

मी तिथे पोचले ते अकरावीत. दहावीला गुण बेताचे पडले म्हणून घरच्यांनी मला कॉलेजातल्या किमान कौशल्याच्या विद्युत तुकडीत घातलं होतं. तुकडीत मी एकटी मुलगी. सकाळी वर्ग आणि दुपारी कुठल्या तरी दुकानात प्रत्यक्ष काम, असा तो अभ्यासक्रम. पोरांना राइस मिल मिळाल्या, कोणाला पाणीपुरवठ्याचं पंपघर मिळालं. माझ्यासाठी आमच्या सरांनी हे दुकान निवडलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं घरची बाई असते. सेफ आहे." म्हणजे मला तिथे पाठवलं ते काकूमुळेच, पण ती तिथे असते कशाला, हे सरांनाही ठाऊक नव्हतं. मलाही पहिला अर्धा तास कळलं नाही. मी आपली काउंटरपाशी वही उघडून सुधाकरभाऊ काय शिकवतात याची वाट पाहत बसले. ते मोबाइलवर गोंदियाच्या तारवाल्याशी हिंदीत घासाघीस करत होते. तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला, "पोट्टे, तिथे मच्छर मारून राहिलीस काय? इकडे ये."

आत गेले तर कमरेला पदर खोचलेली, किडकिडीत, पन्नाशीला आलेली बाई चटईवर बसलेली. चष्म्याची एक काडी तुटलेली आणि तिथे तांब्याची तार गुंडाळलेली. समोर पोट फाडलेली मोटार. तिने माझ्या हातात विळा आणि बांबूचा तुकडा दिला. "पट्ट्या तास." तारेचे वेढे मोटारीच्या खाचेत बसवल्यावर वरून बांबूची पट्टी ठोकतात, म्हणजे तार बाहेर येत नाही. तीन आठवडे मी फक्त पट्ट्या तासल्या. बोटं सोलली. एकदा वैतागून म्हटलं, काकू, मी इलेक्ट्रिकल शिकायला आले, बुरडकाम शिकायला नाही. काकू म्हणाली, "मंग पट्टी सुटून मोटार जळली, त लोक बुरडाकडे बोट दाखवतीन का तुयाकडे?" तिच्याशी बोलण्यात कोणी जिंकत नसे. सुधाकरभाऊ तर बोलायच्या भानगडीतच पडत नसत, आणि काकूची खरी अडचण तीच होती.

दुकान मुळात काकूच्या नवऱ्याचं. त्यानेच तिला वाइंडिंग शिकवलं. दोघं मिळून रात्रंदिवस काम करायची म्हणे. तो तापाने गेला. परवाना त्याच्या नावावर होता, तो त्याच्याबरोबर संपला. सुधाकरभाऊंनी मग परीक्षा देऊन आपल्या नावाचा परवाना काढला, पाटीवर आपलं नाव चढवलं आणि काउंटर धरला. काम काकूकडेच राहिलं. घर एक, चूल एक, दुकान एक. ते वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम लिहायला हवं. काकूवर आवाज चढवताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. तिच्या कंबरेसाठी ते भंडाऱ्याहून औषध आणत. "वयनी, थकल्या असान त आराम करा," असं दिवसातून एकदा तरी म्हणत आणि पुढची मोटार आत सरकवत.

काकूला हवं होतं ते इतकंच: वायरमनची परीक्षा देऊन स्वतःच्या नावाचा परवाना. नवेगावबांधला तिच्या माहेरच्या बायकांचा बचत गट होता. त्यांच्याकडे रस्त्यालगतची एक खोली रिकामी होती, आणि आसपासच्या ग्रामपंचायतींच्या नळयोजनांच्या मोटारी दुरुस्त करायचं काम त्यांना मिळण्यासारखं होतं. फक्त परवानाधारक माणूस पाहिजे. काकूने फॉर्म आणला, भरला, फोटो चिकटवला. फोटोत ती पोलीस ठाण्यात बसवल्यासारखी दिसत होती. फॉर्मला अनुभवाचा दाखला लागत होता, परवानाधारकाच्या सहीचा. सुधाकरभाऊंना तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते हसून म्हणाले, "तुमाले कायची कमी हाय, वयनी?"

हे मला सांगताना काकू थांबली. हातातली तार खाली ठेवली. "आता याले का उत्तर देवाचं? कमी त काईच नाई. जेवाले हाय, रावाले हाय. म्हैस असती त तिले बी इतकंच असतं." आणि पुन्हा कामाला लागली.

तिच्या कामाचा एक नियम होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. वेढे मोजताना बोलायचं नाही. वाइंडिंगच्या यंत्राचा आकडे दाखवणारा काटा कधीचा मोडला होता, त्यामुळे काकू तोंडाने मोजायची. वीस झाले की बांबूची एक चिपटी उलटी करायची. तीन चिपट्या म्हणजे साठ वेढे. मधे कोणी हाक मारली तर ती ओ द्यायची नाही, पुढचा आकडा मोठ्याने म्हणायची. सुधाकरभाऊंनी "वयनी, चहा हाय काय?" असं विचारलं की आतून "चौतीस!" असा दणका यायचा आणि गिऱ्हाईक दचकायचं. "मोजणी चालू हाय," सुधाकरभाऊ सांगत. कोणाची, ते सांगत नसत.

मला वेढे घालायला मिळाले त्या पहिल्या दिवशी मी चिपट्या न मांडता, नुसतं तोंडाने मोजत सव्वीसवर पोचले होते. पडद्यापलीकडून कोणी तरी म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, "बेटा, कोन्या वर्गात आहेस?" घरी वडीलधाऱ्यांना उत्तर द्यायची सवय. मी म्हटलं, "अकरावी." आणि पुढे मोजलं: बारा, तेरा, चौदा. साठपर्यंत अगदी इमानदारीत. वेढे तयार झाले, बांधले, रांगेत ठेवले. काकूने ते एकेक करून नुसते तळहातावर तोलले. माझ्या वेढ्यांपाशी हात थांबला. "हे जड हाय. दहा-पंधरा जास्त घातलेस." मी शपथा घेतल्या. तिने उलगडायला लावलं. मोजले तर पंचाहत्तर. मग कुठे मला ती अकरावी आठवली. सांगितलं तेव्हा काकू इतकी हसली की चष्मा पडला, आणि ती तार गुंडाळलेली काडी पुन्हा निघाली. "बरं झालं पहिलीत नोयतीस," ती म्हणाली. पुढे कितीतरी दिवस मी मोजायला बसले की ती विचारायची, "कोन्या वर्गात हावस वो?" मी ओठ घट्ट मिटून घ्यायची. तिला तो खेळ फार आवडायचा.

त्या खोलीत हसायला तसं काही नव्हतं. मे महिन्यात पत्रा तापायचा. व्हार्निश वाळवायला लोखंडी ड्रममध्ये दोनशे वॅटचे दिवे लावून मोटारी ठेवलेल्या असत, त्याची धग वेगळी. पंखा काकू चालू करू देत नसे, कारण कागदाच्या पट्ट्या उडत. चार वाजेपर्यंत माझं डोकं गच्च व्हायचं, आणि कधी एकदा बसमध्ये बसते असं होऊन जायचं. मला साडेपाचची बस तरी होती. काकू संध्याकाळी मागच्या दाराने निघून, बोळ ओलांडून समोरच्या घरात स्वयंपाकाला जायची आणि सकाळी तोच बोळ ओलांडून परत यायची. तिने बांधलेल्या मोटारी ज्या विहिरींवर चालत त्यातली एकही तिने पाहिलेली नव्हती. माझा रस्ता कालव्याच्या बाजूने जातो म्हणून ती मला कामं सांगायची. "बाभळीच्या मोडावर गोविंदाची विहीर हाय. पाईपाले धार कशी हाय, पाहजो." मी दुसऱ्या दिवशी सांगायची, मनगटाएवढी. मग ती विचारायची, आवाज कसा येतो? गुणगुण की घरघर? बसच्या खिडकीतून आवाज कुठला यायला! पण मी "गुणगुण" सांगायची. ती मान डोलवायची आणि तो दिवस बरा जायचा.

आम्हाला कॉलेजची एक डायरी असे. रोज काय शिकलो ते लिहायचं, आणि प्रत्येक पानाच्या तळाला दोन ओळी: प्रशिक्षकाचे नाव, प्रशिक्षकाची सही. महिन्याच्या शेवटी मी डायरी काउंटरवर ठेवायची आणि सुधाकरभाऊ एका दमात वीस पानांवर सह्या करायचे. एकदा काकूने ती डायरी मागून घेतली. कोरड्या फडक्याने हात पुसले आणि पहिल्या पानापासून वाचली. मी लिहिलेलं सगळं तिने शिकवलेलं होतं. पट्टीची जाडी, खाचेतला कागद, तार तुटली का ते दिवा लावून तपासणं. तळाच्या नावावर तिने बोट ठेवलं, पान उलटलं आणि पुढच्या नावावरही ठेवलं. मग म्हणाली, "अक्षर चांगलं हाय तुयं."

पुढच्या आठवड्यात मी कॉलेजातून एक बातमी आणली. विद्यार्थ्याला शिकवणाऱ्या कारागिराला कॉलेज वर्षाअखेर पत्र देतं, प्रशिक्षक म्हणून. त्यासाठी सर दुकानात येऊन बघून जाणार होते. काकूने फॉर्म देणाऱ्या माणसाला फोन लावून विचारलं. तो म्हणाला, संस्थेचं पत्र असेल तर दीराच्या सहीची गरज नाही. फोन ठेवल्यावर ती एकदम उठून उभी राहिली, आणि उभं राहून करण्यासारखं त्या खोलीत काही नसल्यामुळे पुन्हा बसली.

"मी त सांगू शकत नाई," ती म्हणाली. "मीच म्हनलं का मी शिकवतो, त भाऊजी म्हनतीन वयनीच्या डोक्यात हवा गेली. तू सांगजो. सर विचारतीन ना, कोन शिकवते? तू मायाकडे बोट दाखवजो. बस."

मी म्हटलं, सांगेन. त्यात अवघड काय होतं? खरं तेच सांगायचं होतं.

सर येणार होते त्या दिवशी मी दुकानात शिरताच सुधाकरभाऊंनी मला काउंटरपाशी बोलावलं. गोड आवाजात म्हणाले, "बेटा, तुया डायरीच्या मागच्या दोन महिन्याच्या सह्या राहिल्या ना? आज सर गेले का निवांत करू." एवढंच. धमकी म्हणावी तर त्यात एकही शब्द सापडत नाही. त्या सह्यांवर माझे गुण होते. गुण गेले तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर घरी माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मोठ्या बहिणीचं तसंच झालं होतं.

सर पडदा सरकवून आत आले. काकू मोटार मांडीशी घेऊन बसलेली, हातात तार. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि सुधाकरभाऊंना विचारलं, "ह्या?"

"वयनी हायत. चहापानी पाहतात. पोरगी एकटी असते ना, म्हनून सोबतीले बसतात."

सर माझ्याकडे वळले. "काय गं, नीट शिकवतात ना?"

काकू माझ्याकडे बघत होती. तिचा हात माझ्या बाजूने थोडासा उचलला गेला होता, मोजताना मी चुकले की व्हायचा तसा. मी म्हटलं, "हो सर. सुधाकरभाऊ छान शिकवतात."

एका म्हाताऱ्याने सहज विचारलं तेव्हा माझ्या तोंडून टपकन उत्तर निघालं होतं. इथे एका नावाची गरज होती आणि मी दुसरंच नाव दिलं. मला वाटलं काकू काही तरी बोलेल. सगळ्यांना गप्प करणारी बाई, ती बोलली असती तर सरांना ऐकावंच लागलं असतं. पण तिने तार खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि मागच्या दाराने घरी जाऊन चार कप चहा करून आणला. एक सरांना, एक दीराला, एक मला. चौथा तसाच ट्रेमध्ये राहिला. सर चहाची तारीफ करत होते. मी तो चहा प्यायले. न पिता ठेवून देण्याचीही माझी हिंमत झाली नाही, याची मला आज जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी घाबरत गेले. काकू पट्ट्या तासत होती. मान वर न करता म्हणाली, "चहात साखर बरोबर व्हती ना?" मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं. थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. माझं आटोपल्यावर म्हणाली, "आता त्या पाच घोड्याच्या मोटारीचं जोडकाम दाखवतो. मन लावून पाहजो. हे मी कोनाले शिकवलं नाई." आणि खरंच, त्या वर्षी मला जे सगळ्यात कठीण आलं ते तिने त्यानंतरच्या महिन्यांत शिकवलं. तिने माफ केलं होतं म्हणून, की शिकवायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. कॉलेजचं पत्र सुधाकरभाऊंना मिळालं. त्यांनी ते फ्रेम करून काउंटरच्या वर लावलं.

त्या शिकण्यावरच मी पुढे आले. बारावी झाले, आयटीआय केलं, परीक्षा दिली. आता गोंदियात एका राइस मिलच्या इलेक्ट्रिकल विभागात आहे. माझ्या नावाचा परवाना आहे, हाताखाली तीन माणसं आहेत. मिलची मोटार जळली की मी आधी वाकून वास घेते. पोरं मागे हसतात, हसू देत.

परवाना हातात आला तेव्हा मला वाटलं, आता हिशेब चुकता करता येईल. परवानाधारक म्हणून मी कोणालाही अनुभवाचा दाखला देऊ शकत होते. मी तो टाइप केला, शिक्का मारला, सही केली आणि सुट्टीच्या दिवशी अर्जुनीला गेले.

पडदा बदलला होता, आता निळा होता. आत काकू तशीच बसलेली, केस मात्र पांढरे झालेले. मला बघून तिला आनंद झाला तो लपला नाही. "जाडी झालीस," ती म्हणाली. मी कागद पुढे केला आणि एका दमात सगळं सांगितलं. नवेगावबांधच्या बायका अजून वाट पाहतायत, मी फोन करून विचारलंय, खोली अजून रिकामी आहे, फॉर्म या महिन्यात निघतील.

काकूने हात पुसले. चष्मा नवा होता. तिने कागद सावकाश वाचला, ओठ हलवत. एका ओळीवर थांबली.

"'यांनी माझ्या हाताखाली तीन वर्षे वाइंडिंगचे काम शिकून केले.'" तिने ते मोठ्याने वाचलं. "कोनाच्या?"

"तसंच लिहावं लागतं काकू. फॉर्मची भाषाच तशी आहे. दुसरं काही चालत नाही."

"आन् पकडलं त?"

"नाही पकडत कोणी."

"तुया परवाना जाईन." ती कागदाकडेच बघत होती. मला वाटलं, ती भीतीपोटी नाही म्हणणार, आणि मी समजावायची तयारी केली. पण ती भीती नव्हती. तिने कागद घडी न घालता माझ्या मांडीवर ठेवला.

"एकाच्या हाताखाली हाव, पोट्टे. तेवढं पुरे हाय. तुया हाताखाली नोको टाकू मले."

मी म्हटलं, काकू, नुसता कागद आहे.

"मंग मी तुले शिकवलं, असा कागद आन ना. असते काय तसा?"

तसा कागद एकदाच मिळणार होता, आणि तो आत्ता पडद्याच्या पलीकडे, काचेमागे, सुधाकरभाऊंच्या डोक्यावर टांगलेला होता. काकूलाही ते माहीत होतं. जेवून जा म्हणाली. मी बसचं निमित्त सांगितलं. ती बसच्या वेळा विचारत राहिली, राइस मिलच्या मोटारी किती घोड्याच्या असतात ते विचारत राहिली. मी उत्तरं देत होते. माझ्या मांडीवर तो कागद होता आणि दोघीही त्याच्याकडे बघत नव्हतो.

निघताना मी सवयीने मागच्या दाराकडे वळले, बोळाकडे.

"तिकून काऊन?" काकू म्हणाली. तिने बसल्या जागेवरून हात लांब करून पडदा बाजूला धरला. "समोरून जा वो. तुले कोन रोकते?"

समोर सुधाकरभाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले, "या मॅडम, बसा," म्हणाले. मी मागे वळून पाहिलं. पडदा अजून तिने धरून ठेवला होता, मी नीट बाहेर पडेपर्यंत.